तात्यांची टाकी तात्यांनीच तपासायची

कोल्हापूरला समुद्र नाही, एवढी एक गोष्ट सोडली तर आपल्यात काही कमी आहे असं या गावाला कधी वाटलेलं नाही. समुद्राचा उपयोग काय, तर घाट उतरून जावं, मासे खावेत आणि घरी परत यावं. त्यामुळे दोन हजार चार सालच्या जानेवारीत उद्यमनगरातल्या एका शेडवर 'पाणबुडे प्रशिक्षण वर्ग' अशी पाटी लागली, तेव्हा शेजारचा लेथवाला काम टाकून बघायला आला. "पावणं, शिकवणार ते ठीक हाय. बुडवणार कुठं?" त्याने विचारलं.

बुडवायची सोय होती. शहराबाहेर एक पडीक दगडखाण होती आणि तिच्यात बारा महिने अठरा मीटर पाणी असायचं. पाटी लावणारा धम्मपाल मूळचा गडहिंग्लजकडचा, नेसरीच्याही पलीकडच्या एका बारक्या गावातला. पंधरा वर्षं नौदलात पाणबुड्या होता. नंतर काही वर्षं अंदमानात पर्यटकांना प्रवाळ दाखवत फिरला आणि तिथेच नायट्रॉक्स शिकून त्याचा शिक्षक झाला.

नायट्रॉक्स म्हणजे जादा ऑक्सिजनची हवा. साध्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के, यात बत्तीस. त्यामुळे अंगात नायट्रोजन कमी मुरतो आणि माणसाला पाण्याखाली जास्त वेळ काम करता येतं. राजवर्धन नावाच्या तरुण ठेकेदाराला एका धरणाच्या दरवाजांच्या खाचा चोवीस मीटर खोलीवर दुरुस्त करायच्या होत्या, तेव्हा त्याला हा वेळ सोन्यासारखा होता. पण धरणावरच्या साहेबांनी पाचर मारून ठेवली होती. खाली उतरेल त्याच्याकडे नायट्रॉक्सचं कार्ड हवं, नाहीतर काठावर बसा.

आता फुकटात कुठे काही मिळतं? हाच ऑक्सिजन ठरलेल्या खोलीच्या खाली नेला की विषासारखा चढतो. माणसाला झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि खेळ आटोपतो. बरं, सिलिंडरात किती ऑक्सिजन भरलाय ते कळायला ना वास, ना रंग, ना चव. म्हणून या शिक्षणात एक नियम असा आहे की त्यात कुणाचा वशिला चालत नाही. पाण्यात उतरणाऱ्याने आपला सिलिंडर स्वतः तपासायचा. ऑक्सिजन मोजायच्या यंत्राला आधी बाहेरची हवा दाखवून आकडा जुळवायचा, मग सिलिंडरची हवा सोडायची, आकडा मोठ्याने वाचायचा, चिकटपट्टीवर आकडा, खोलीची हद्द आणि तारीख घालून सही ठोकायची. भरणाऱ्याने तपासलेलं असलं तरी हे करायचंच. ज्याने हे केलं नाही त्याला कार्ड नाही.

पाटी लागल्याच्या दुसऱ्या वर्षी नायट्रॉक्सचा पहिला वर्ग भरला, त्यात तीन जण होते. संयोगिता पोहण्यातली जिल्हा विजेती. ज्ञानू शिरोलीच्या कारखान्यातला वेल्डर. आणि तिसरे हंबीरतात्या, वय वर्षं पंचावन्न, धम्मपालच्याच गावचे. साधा स्कूबाचा कोर्स त्यांनी आदल्या उन्हाळ्यात धम्मपालकडेच पुरा केला होता.

तात्यांना पाणी नवीन नव्हतं. गडहिंग्लज तालुक्यात विहिरीत, नदीत, बंधाऱ्यात कोणी बुडालं की पोलिसांची जीप सरळ त्यांच्या दारात यायची. तीस वर्षं ते दम धरून खाली जायचे आणि माणूस घेऊन वर यायचे. पण जीप यायची तीच उशिरा, त्यामुळे वर आणलेल्यांपैकी एकही कधी उठून बसला नाही. म्हणून राजवर्धनच्या कामाचं कानावर आलं तेव्हा तात्या एस.टी. पकडून थेट उद्यमनगरात हजर झाले होते.

"धम्मा, जलम गेला मेलेली मानसं काडन्यात," ते म्हणाले होते. "एकदा तरी पान्यात जित्या मानसांच्या उपेगाचं काम करायचं हाय. मला कार्ड पायजे."

आणि त्यांनी कष्ट घेतले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून तक्ते पाठ केले, शाळा सातवीत सुटलेली असताना लेखी परीक्षेत पन्नासपैकी चव्वेचाळीस मिळवले. ज्ञानूला एकेचाळीस पडले, ते तात्यांनी त्याला आठवडाभर विसरू दिलं नाही. धम्मपालच्या मनात तर तात्यांचं कार्ड तेव्हाच लिहून झालं होतं.

घोडं अडलं ते शेवटच्या परीक्षेला, खाणीच्या काठावर. संयोगिताने आपला सिलिंडर तपासला, सही केली. ज्ञानूने केली. धम्मपालने यंत्र तात्यांच्या पुढे धरलं, तर तात्या हात पाठीमागे बांधून उभे.

"तू भरलीयास न्हवं ही टाकी?"

"व्हय, मीच भरलीया."

"तपासलीयास?"

"तपासलीया. बत्तीस हाय."

"मग झालं की. दे पट्टी, सही करतो."

"तसं न्हाय चालत तात्या. तुमी तपासायची, मग सही."

"मी न्हाय तपासनार." आवाज चढला नव्हता, पण बैल मध्येच बसावा तसे तात्या उभ्या जागी पक्के झाले होते. "दुसऱ्या कुनी भरली असती तर धा डाव तपासली असती. तुज्या हातची न्हाय तपासायची मला."

संयोगिता आणि ज्ञानू एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. धम्मपालला मात्र तसं वाटलं नाही, कारण हा हट्ट कुठून आला ते या जगात दोनच माणसांना माहीत होतं.

तो नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बौद्धवाड्यातल्या पोरांनी कुणाच्या विहिरीत उतरायचं नाही, हे गावात कुणी सांगावं लागत नव्हतं. हंबीरराव तेव्हा पंचविशीतला गडी. त्याने आपल्या विहिरीच्या कडेला उभं राहून बघणाऱ्या धम्मपालच्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि दिला ढकलून. पंधरा दिवसांत पोरगं सुसरीसारखं पोहायला लागलं. गावातली चार माणसं जाब विचारायला आली, तेव्हा हंबीररावाने उत्तर भाकरीने दिलं. धम्मपालच्या आईने, शेवंताबाईने, बांधून दिलेली भाकरी त्याने पोराच्या हातातून घेतली आणि त्या चौघांच्या देखत, थांबून थांबून, चटणीसकट खाल्ली. जिथे यांच्या हातचं पाणीसुद्धा लोक घेत नव्हते, तिथे हा माणूस न बघता, न विचारता खात होता. धम्मपालच्या आयुष्यातलं सगळं पाणी त्या एका विहिरीतून निघालं होतं.

आणि त्याच माणसाला तो आज म्हणत होता की माझ्या हातचं तपासून घ्या.

"तात्या, नियम हाय," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"तुजा नियम तुज्याजवळ. माजाबी एक नियम हाय, तीस वर्सं झाली."

"मग आज तुमी पान्यात उतरायचं न्हाय."

तात्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग अंगातला रबरी सूट उतरवला, घडी घालून दगडावर ठेवला, पायात वहाणा घातल्या आणि मुख्य रस्त्याच्या दिशेने चालू लागले. कुणी हाक मारली नाही. धम्मपालने दोघांना घेऊन बुडी मारली, दोघांची परीक्षा घेतली आणि वर येऊन दोघांच्या कागदांवर सह्या केल्या. तिसरा कागद कोराच राहिला.

दुपारी शेडवर राजवर्धन आला. त्याला सगळी खबर लागली होती. तात्यांचा सिलिंडर कोपऱ्यात तसाच उभा होता. "सर, लावा की यंत्र, बघू तर," तो म्हणाला. धम्मपालने लावलं. बत्तीस पूर्णांक एक.

"बघा! सोळा आणे बरोबर!" राजवर्धनने टाळी वाजवली. "आता काय राहिलं? करा सही. म्हातारा माणूस आहे, तुमच्यावर जीव टाकतो, आणि माझं काम पुढच्या महिन्यात उभं राहायला पाहिजे."

"टाकी पास झाली, राजवर्धन. माणूस झाला नाही."

"काय राव! एका आकड्यासाठी?"

"खाली चोवीस मीटरवर त्यांच्या तोंडात माझी सही नसणार, हवा असणार."

राजवर्धन तोंड वाकडं करून गेला. जाताना म्हणाला, बाहेरगावी एक शिक्षक आहे, तो असल्या बारीकसारीक गोष्टींत पडत नाही, दोन दिवसांत कार्ड हातात देतो. धम्मपालने सिलिंडरातली हवा सोडून दिली आणि शेडला कुलूप घातलं. खरं सांगायचं तर त्याला त्या वेळी स्वतःचा भयंकर राग आला होता. उपकार करणाऱ्याला नापास करणारा माणूस त्याला स्वतःलाही आवडत नव्हता. पण सही करावी असं एकदाही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी तो सकाळच्या गाडीने गडहिंग्लजला उतरला आणि तिथून वडापच्या जीपने गावात गेला. तात्यांची बायको शालूबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"या सायेब," ती म्हणाली. एरवी ती त्याला धम्मा म्हणायची. "नापास झालेला गडी आत हाय. चार दीस झालं, धड जेवला न्हाय. पास केला असतास तर तुजं काय हात झडत हुतं?"

"काकी, च्या तरी देशील का?"

"देतो की. न तपासता पिशील न्हवं?"

धम्मपालने खाली मान घातली. शालूबाईच्या तोंडाला लागायची ताकद नौदलात कुणी दिली नव्हती.

तात्या बाहेर आले, खांबाला टेकून बसले.

"त्यो राजवर्धन आलता," तात्या म्हणाले. "दुसरीकडनं कार्ड आनतो म्हनला. हाकलून दिला. तुजी सही नसल तर त्या कार्डाला मी काय चुलीत घालू?"

"आन् माजी सही पायजे तर तपासाय लागतंय."

"आरं, पर का?" तात्या उसळले. "गावानं तुमच्या हातचं पारखून घेतलं, झटकून घेतलं, न्हायतर घेतलंच न्हाय. मी एकला न बगता घेनारा. माज्या सगळ्या जलमात ताठ मानंनं सांगावं असं तेवडंच एक हाय. आन् तू मला सांगतोस, त्या लोकांवानी बग म्हनून?"

तात्यांचे डोळे भरले होते. धम्मपालने असं त्यांना कधी बघितलं नव्हतं, बुडालेल्या लेकराला काठावर ठेवतानाही नाही. पण तो इथवर परत जायला आला नव्हता.

"तात्या, गावानं मला मानसाच्या खाली धरलं," तो म्हणाला. "तुमी मला मानसाच्या वर नेऊन बसवलंय. गावातली बाकीची मला चुकलेलाच धरायची, तुमी मला कदी न चुकनारा धरता. त्या खाली मला जागा न्हवती, आन् ह्या वरबी मला बसाय येत न्हाय. ज्ञानूनं माजी टाकी तपासली. का? तर धम्मपाल मानूस हाय, चुकंल. मला तेवडंच पायजे, तात्या. तुमच्याकडनं तर लई पायजे. तुमी भाकरी खाल्ली त्यो उपकार हुता. मी मरस्तवर इसरनार न्हाय. पर आता मला उपकार नको, बरोबरी पायजे."

शालूबाईचा हात शेंगेवर थांबला होता.

"आन् ती गावातली लोकं कोन भरलंय ते बगत हुती," धम्मपाल उठता उठता म्हणाला. "यंत्र ते इचारत न्हाय. काय भरलंय तेवडंच बगतंय. सोमवारी सकाळी धा वाजता खानीवर हाय मी. आला तर टाकी तयार असंल."

तो चहा पिऊन निघाला. तात्या येतो म्हणाले नाहीत, की येत नाही म्हणाले नाहीत.

सोमवारसाठी त्याने रविवारी दुपारी चार सिलिंडर भरायला घेतले. रीत अशी की आधी सगळ्यांत शुद्ध ऑक्सिजन मोजून सोडायचा आणि मग दाबाचा काटा दोनशेवर येईपर्यंत वरून कॉम्प्रेसरने साधी हवा भरायची. तीन भरून, तपासून झाले. चौथ्याला काटा एकशेसत्तरवर आला आणि लाइट गेली. भारनियमनाची वेळ नव्हती, पण विजेला वेळ कोण विचारणार? तासभर वाट बघून त्याने विचार केला, एका बुडीला एकशेसत्तर पुष्कळ झाले. यंत्र तेव्हा पेटीत गेलं होतं. ऑक्सिजन तर चारही सिलिंडरांत सारखाच मोजून सोडलेला. त्याने चौथ्यालाही बत्तीसची पट्टी लावली आणि घरी गेला. वर्गात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर याने त्याला अर्धा तास उभं केलं असतं, हेही इथे सांगितलं पाहिजे.

सोमवारी दहाला पाच कमी असताना तात्या आले. बरोबर शालूबाई, डोक्यावर पदर घेऊन, काय तो निकाल डोळ्यांनी बघायला. ज्ञानू आणि संयोगिताही मदतीला आले होते. राजवर्धन गाडीला टेकून उभा होता. तात्यांनी कुणाशी रामराम केला नाही. चार सिलिंडर रांगेत होते, त्यातला शेवटचा त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून पुढे घेतला आणि चष्मा लावला.

त्यांचं काम कुठे चुकलं नाही. यंत्राला बाहेरची हवा दाखवली, आकडा जुळवला. तोटी हलके उघडली. यंत्रावरचे आकडे पळायला लागले आणि हळूहळू थांबले. तात्या आकड्याकडे बघत राहिले, मग पट्टीकडे, मग परत आकड्याकडे.

"वाचा तात्या," धम्मपाल म्हणाला.

तात्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"मोठ्यानं वाचा."

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. एवढी कीव त्यांच्या नजरेत धम्मपालने आयुष्यात बघितली नव्हती. मग त्यांनी तोटी बंद केली, यंत्राला पुन्हा बाहेरची हवा दाखवली, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. ज्ञानू पुढे सरकून बघायला लागला, त्याला त्यांनी कोपराने मागे सारलं. दुसऱ्यांदा आकडा थांबला तेव्हा त्यांनी एकदा शालूबाईकडे बघितलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"चौतीस!" तात्या ओरडले. खाणीच्या भिंतींनी तो आकडा परत केला. "बत्तीस न्हाय, चौतीस हाय! पट्टी चुकलीया तुजी, धम्मा!"

धम्मपालने सिलिंडरच्या काट्याकडे बघितलं, एकशेसत्तर, आणि सगळं एका क्षणात ध्यानात आलं. हवा कमी पडली तर ऑक्सिजनचा वाटा वाढणारच. इतकी वर्षं तो हेच शिकवत होता.

"लाइट गेलती," तो म्हणाला. "हवा कमी पडली. मी... ही तपासलीच न्हाय. पट्टी तशीच लावली."

"गूळ तेवडाच, पानी कमी. सरबत गोडच व्हनार की," शालूबाई पदराआडून म्हणाली. तिला त्यातलं सगळं कळलं होतं.

"आहो, दोनाचा तर फरक!" राजवर्धन गाडीपासून ओरडला. "अठरा मीटर पाण्यात काय होतंय?"

"तुमी गप बसा," तात्या त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आज दोन हाय. उद्या धा असंल, आन् धरनात असंल." त्यांनी बत्तीसची पट्टी नखाने खरवडून काढली, पार गोळा करून खिशात घातली. नवी पट्टी लावली. चौतीस. खोलीची हद्द तेहतीसवरून एकतीस. तारीख. खाली सही, एकेक अक्षर दाबून.

धम्मपाल तिथेच उभा होता. त्याच्या चुका काढणारे त्याला आयुष्यात भरपूर भेटले होते. शाळेत, नौदलात, गावच्या पारावर, न केलेल्या चुकासुद्धा काढणारे. आज केलेली चूक चारचौघांत पकडली गेली होती, शरमेने कान तापले होते, आणि तरी त्याला रडू येईल इतकं बरं वाटत होतं.

"तात्या, चुकलो," तो म्हणाला.

"चुकलासच." तात्यांनी सिलिंडर पाठीवर घेतला, पट्टे आवळले. धम्मपाल कागद आणि पेन घेऊन पुढे झाला, तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

"सही नंतर, पान्यातनं वर आल्यावर. आदी तुजी टाकी आन हिकडं."

"ती तपासलीया तात्या, कालच. खरंच तपासलीया."

"आसंल," तात्या म्हणाले आणि यंत्र त्याच्या हातात दिलं. "माज्या म्होरं तपास. मोठ्यानं वाच. त्याबिगर मी तुला पान्यात उतरू देनार न्हाय."